साल काढलेली चवळी

चवळीची साल काढायची असते, हे मला लागोसला आल्यावर कळलं. तोवर चवळी म्हणजे उसळ. रात्री भिजत घालायची, सकाळी निथळायची, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून शिजवायची. सालीचा वेगळा विचार करायचं काही कारणच नव्हतं. नायजेरियातल्या घरांत मात्र चवळीचे सगळ्यात मानाचे पदार्थ साल काढल्याशिवाय होतच नाहीत. त्या एका कामात तिथल्या बायकांचे किती तास आणि किती पिढ्यांचं शहाणपण मुरलेलं आहे, हे बघितल्यापासून मी या विषयावर लिहायचं म्हणतोय.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही लागोसच्या इलुपेजू भागात राहायला आलो. कारखान्यांचा भाग, भारतीय कुटुंबं बरीच, इंडियन लँग्वेज स्कूलही इथंच. तळमजल्यावर एक योरुबा, म्हणजे नैऋत्य नायजेरियातल्या मोठ्या समाजातल्या, आजी राहतात, मूळच्या अबेओकुटाच्या. अख्खी इमारत त्यांना मम्मी म्हणते. आमच्या घरात त्यांचं नाव आजी पडलं. रविवारी चर्चहून परतल्यावर त्यांच्याकडे जोलोफ भात आणि मोईन-मोईन असतं. मोईन-मोईन म्हणजे साल काढलेल्या चवळीचं वाटण मिरची-कांदा घालून पानात बांधायचं आणि वाफवायचं. ऐकायला एका ओळीचं काम, पण त्याची तयारी शनिवारी दुपारीच सुरू होते.

आजी चवळी भिजवतात ती अगदी थोडा वेळ. रात्रभर भिजलेला दाणा आतून ढिला पडतो आणि सालीबरोबर गरही निघून येतो, असं त्यांचं म्हणणं. साल फुगून सुरकुतली आहे पण दाणा अजून टणक आहे, ही वेळ साधायची. मग मोठ्या टोपात भरपूर पाणी घ्यायचं आणि दाणे दोन्ही तळहातांत धरून चोळायचे. जोर लावायचा नाही, दाणा दाण्यावर घासला गेला पाहिजे. साली सुटून वर येतात. टोप तिरका करून त्या चाळणीत सोडायच्या, पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं. हळूहळू पाण्याचा गढूळपणा जातो आणि तळाशी पांढरट, दुभंगलेले दाणे दिसायला लागतात. ज्यांच्यावर काळा डोळा चिकटून राहिलाय ते आजी एकेक करून वेचतात. एखादा राहिला तर काय बिघडतं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पाहुणा आधी रंग बघतो. काळा ठिपका दिसला की त्याला कळतं, या घरातली बाई घाईत होती."

त्यांच्या सुनेला हे पटत नाही. ती चवळी पाण्यासकट मिक्सरमध्ये टाकून दोन-तीनदा नुसती फिरवते. साली फाटतात आणि पुढचं चोळण्याचं काम निम्म्याने कमी होतं. सुपरमार्केटात साल काढून वाळवलेली चवळी मिळते, तिचं पीठही मिळतं. नोकरी करून, लागोसच्या रहदारीत तासन् तास काढून घरी येणाऱ्या बाईने ते वापरलं तर तिला कुणी बोल लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण पिठाचं मोईन-मोईन आणि आजींचं मोईन-मोईन एका ताटात ठेवलं, तर फरक सांगायला लागत नाही. पिठाचं घट्ट बसतं. आजींचं चमच्याने दाबलं की थरथरतं आणि जिभेवर ठेवलं की विरतं.

साल निघालेली चवळी पुन्हा भिजते, या वेळी चांगली मऊ होईपर्यंत. मग दळण. मिक्सर घरात असतो, पण वीज असेलच असं नाही, आणि तेवढ्यासाठी जनरेटर लावणं परवडत नाही. त्यामुळे चवळी, लाल तताशे मिरच्या, कांदा आणि दोन-चार रोडो मिरच्या एका बादलीत घालून ती बादली कोपऱ्यावरच्या दळणवालीकडे जाते. रोडो म्हणजे छोटी, गोल, कपाळावर घाम आणणारी मिरची. तताशे मोठी, रंगाला आणि गोडव्याला. दळणवालीचं यंत्र डिझेलवर चालतं आणि त्याच्या तोंडाशी नेहमी रांग असते. आपल्याआधी कुणी काय दळलं यावर सगळं असतं. आजी नेहमी पुढचीच्या बादलीत वाकून बघतात आणि यंत्रातून स्वच्छ पाणी काढून घेतल्याशिवाय आपली चवळी त्यात पडू देत नाहीत.

पानं बांधणं हा यातला सगळ्यात देखणा भाग. एवे एरान नावाची रुंद, तलम, लांब देठाची पानं बाजारात जुड्यांनी मिळतात. दोन पानं एकमेकांवर ठेवायची, त्यांचा द्रोण वळायचा, खालचं टोक मागे दुमडून मुठीत घट्ट धरायचं, पळीभर सरसरीत मिश्रण ओतायचं आणि वरची बाजू अशी मोडायची की थेंब बाहेर येता कामा नये. दोरा नाही, काडी नाही. पानांचे देठ पातेल्याच्या तळाशी अंथरायचे, त्यावर पुड्या रचायच्या, थोडं पाणी घालून झाकण लावायचं. तासाभराने झाकण उघडलं की पानाचा वास आधी येतो, चवळीचा मागून. आत उकडलेल्या अंड्याचा तुकडा, मासा, कोळंबी असं काय काय घालतात. सात जिन्नस घातलेल्या मोईन-मोईनला सात जिवांचं म्हणतात आणि ते लग्नासमारंभाला असतं. हल्ली पुष्कळ घरांत प्लास्टिकच्या पिशव्यांत मोईन-मोईन वाफवतात, कारण पानं महाग झाली आणि वळायला वेळ लागतो. ते मला खरंच बघवत नाही. गरम वाफेत पातळ प्लास्टिक आणि त्यात मुलांचं खाणं, ही काटकसर चुकीच्या जागी आहे.

जाता जाता सांगतो, एवे एरानच्या झाडाच्या फळात थॉमॅटिन नावाचं प्रथिन असतं. ते वजनाला साखरेच्या सुमारे 2000 पट गोड असतं आणि जगभरातल्या खाद्यउद्योगात वापरलं जातं. बाजारात पानं विकणाऱ्या बाईला मात्र पानांचेच पैसे मिळतात.

शनिवारची सकाळ अकाराची, म्हणजे चवळीच्या तळलेल्या वड्यांची. तीच साल काढलेली, वाटलेली चवळी, फक्त इथं पाणी जवळजवळ नाही. आपले लोक अकाराला त्यांची भजी म्हणून मोकळे होतात. ते मला पटत नाही, कारण भज्यात पीठ हे दुसऱ्या कशाच्या तरी अंगावर बसतं, अकारात चवळी स्वतःच फुलते. ती फुलवायची हातानेच. वाटण खोल भांड्यात घेऊन लाकडी डावाने एकाच दिशेने फेटत राहायचं. चवळीतलं प्रथिन हवा धरून ठेवतं. मिश्रण आधी जड असतं, मग रंग पालटतो, हलकं होतं, डावावरून घरंगळण्याऐवजी लोंबत राहतं. चिरलेला कांदा, मिरची आणि मीठ तेल तापल्यावरच घालायचं. आधी मीठ पडलं तर वाटण पाणी सोडतं आणि अकारा तेलात पसरतो. नीट जमलेला अकारा तेलात आपोआप उलटतो, बाहेरून कुरकुरीत आणि आतून जाळीदार होतो. त्याच्याबरोबर ओगी, म्हणजे मका आंबवून काढलेल्या सत्त्वाची आंबूस पेज. लागोसच्या कुठल्याही वस्तीत शनिवारी सकाळी वाट शोधायची असेल तर तळणीच्या वासामागे गेलं तरी चालतं. रस्त्याच्या कडेला एक बाई, एक कढई आणि हातात डबे घेतलेली मुलं असतात.

उत्तरेत हौसा लोक यालाच कोसाई म्हणतात आणि रमजानमध्ये उपास सोडायला पेजेबरोबर खातात. योरुबा घरांत पिकलं पान गळालं की अकारा तळून शेजारीपाजारी वाटायची रीत आहे. भरलेलं आयुष्य जगून गेलेल्या माणसाचा निरोप चवळीने द्यायचा. जुळी झाली तरी चवळी. जुळ्यांचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या समाजांपैकी योरुबा हा एक, इग्बो-ओरा हे गाव तर त्यासाठीच ओळखलं जातं. जुळ्यांच्या नावाने पामतेलात शिजवलेली चवळी करून गल्लीतल्या मुलांना पोटभर खाऊ घालतात. गुलामांच्या जहाजांतून अटलांटिकपलीकडे नेलेल्या योरुबा माणसांबरोबर अकाराही ब्राझीलच्या बाहियात पोचला. तिथं तो अकाराजे झाला, पामतेलात तळला जात राहिला, ओरिशा देवतांच्या नैवेद्यात राहिला. पांढऱ्या घेरदार पोशाखात तो विकणाऱ्या बाहियाच्या बायकांच्या या कामाला ब्राझीलच्या वारसा संस्थेने 2004 मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवलं. ज्या बायकांकडून सगळं हिरावून घेतलं होतं, त्यांनी साल काढणं आणि फेटणं हातात जपून नेलं. आणि स्वातंत्र्यही त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी रस्त्यावर खाणं विकून, पैसा पैसा जमवून विकत घेतलं.

चवळी मुळात आफ्रिकेचीच. घानाच्या मध्यभागातल्या किन्ताम्पो संस्कृतीच्या वस्त्यांमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे जळके दाणे सापडलेत. भारतात ती इसवीसनाच्या कितीतरी आधी पोचली आणि इतकी आपली झाली की आपण तिचं मूळ विचारलंच नाही. आपण भाजीला आणतो ती हातभर लांब चवळीची शेंगही याच जातीतली. आजही जगात सगळ्यात जास्त चवळी नायजेरियात पिकते, वर्षाला 30 लाख टनांहून अधिक, आणि बहुतेक सगळी तिथंच खाल्ली जाते. पिकते ती उत्तरेत, ज्वारी-बाजरीच्या ओळींमध्ये, जिथं पाऊस लहरी आणि जमीन रेताड. नत्राची सोय चवळी स्वतः करते, माणसांना दाणा देते आणि जनावरांना वेल. काळा डोळा असलेले पांढरे दाणे आणि तपकिरी दाणे असे मोठे प्रकार आहेत. नुसती शिजवून खायला सगळ्यांची आवडती ओलोयिन. ती जराशी गोड, लवकर शिजणारी आणि अर्थात महाग.

कानोजवळ दवानाऊ नावाचा धान्यबाजार आहे, पश्चिम आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. तिथून ट्रक भरून चवळी दक्षिणेला येते. लागोसच्या माइल ट्वेल्व्ह किंवा ओयिंगबो बाजारात ती किलोवर नाही, मापावर मिळते. डेरिका म्हणजे एका टोमॅटो पेस्टच्या डब्याच्या नावावरून रूढ झालेलं माप. त्याहून मोठं काँगो. त्याहून मोठी पेंटची बादली. उत्तरेत मुडू. विकणारी बाई माप भरते तेव्हा वर शीग ठेवते की नाही, यावर तिची गिऱ्हाइकं ठरतात. आजी माप भरताना एक शब्द बोलत नाहीत. भरून झालं की नुसत्या बाईकडे बघतात, आणि ती आणखी एक मूठ टाकते.

घेताना त्या मूठभर दाणे तळहातावर पसरून नखाएवढी भोकं शोधत नाहीत, टाचणीएवढी शोधतात. चवळीचा वैरी म्हणजे भुंगेरा. शेतातूनच अंडी घेऊन येतो, पोत्यात वाढतो आणि काही महिन्यांत अर्धं पोतं पोकळ करतो. त्याच्या भीतीने काही व्यापारी धान्यात डायक्लोरव्हॉससारखी कीटकनाशकं मिसळायला लागले. 2015 मध्ये युरोपीय संघाने याच कारणावरून नायजेरियाच्या वाळलेल्या चवळीला दार बंद केलं, आणि 2019 मध्ये नायजेरियाच्या अन्न-औषध नियामकाने, नॅफडॅकने, त्या औषधाच्या छोट्या बाटल्यांच्या विक्रीवर बंदी आणली. युरोप आलेला माल परत पाठवू शकतो. डेरिकाभर चवळी घेऊन घरी जाणारी बाई काय करणार? ती पहिलं पाणी उकळून फेकून देते, दुसऱ्या पाण्यात शिजवते. आजी म्हणतात की हे पोट फुगू नये म्हणून करायचं असतं. अलीकडे त्या एवढंच म्हणून थांबत नाहीत.

उपाय साधा आहे आणि तो सापडून बरीच वर्षं झाली. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले लॅरी मर्डॉक आणि त्यांचे सहकारी यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये काम करताना तीन थरांची पिशवी तयार केली: आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. तिन्हींची तोंडं वेगवेगळी आवळून बांधली की आतला प्राणवायू भुंगेऱ्यानेच संपतो आणि भुंगेरा तिथंच मरतो. औषधाचा एक थेंबही लागत नाही. अशी पिशवी प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी पोचायला हवी, यात दुमत असायचं कारण नाही.

नायजेरियातल्या इबादान शहरात 1967 मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्था आहे. तिच्या बियाणे-कोशात चवळीचे 15,000 हून अधिक नमुने जपलेले आहेत. तिथं भारतातून गेलेले वनस्पतिपैदासकार बी. बी. सिंग यांनी कित्येक वर्षं चवळीवर काम केलं. साठ दिवसांत हाताशी येणाऱ्या जाती त्यांच्या कामातून पुढे आल्या, आणि नंतर पंतनगरच्या विद्यापीठामार्फत त्याच कामाचा फायदा भारतातल्या शेतकऱ्यांनाही झाला. 2019 मध्ये शेंगा पोखरणाऱ्या मारुका अळीला तोंड देणारी जनुकबदल केलेली चवळी मान्य करणारा नायजेरिया हा पहिला देश ठरला. आपल्याकडे तुरीवर पडते तीच ही अळी.

पण हे सगळं बाजूला ठेवून साधी चवळी खायची असेल तर एवा रिरो. ओलोयिन मऊ शिजवायची, कांदा सुरुवातीपासूनच त्यात, मीठ शेवटी. वेगळ्या भांड्यात पामतेल तापवून कांदा आणि कुटलेली मिरची परतायची, त्यात थोडी क्रेफिशची पूड, आणि ते सगळं चवळीत. मी रत्नागिरीचा असल्याने क्रेफिशच्या वासाने मला परकं वाटलं नाही; वाळवलेल्या बारीक कोळंबीचाच प्रकार, आणि सुकटीवर वाढलेल्या माणसाला कसलं नवल. सोबत पिकलेल्या प्लान्टेनचे, म्हणजे शिजवून खायच्या मोठ्या केळ्याचे, तळलेले काप, म्हणजे डोडो. तिखट, खारट आणि गोड यांची ही जोडी मला कुठल्याही हॉटेलातल्या नायजेरियन थाळीपेक्षा जास्त आवडते. पावसाळ्यात कोवळी मक्याची कणसं आली की त्यांचे दाणे चवळीत घालून अडालू करतात, तेव्हा डोडोचीही गरज राहत नाही.

एवा अगोयिन मात्र घरी करण्याच्या भानगडीत आमच्या इमारतीतलं कुणी पडत नाही. ती डोक्यावर पातेलं घेऊन येणाऱ्या बाईकडूनच घ्यायची. शेजारच्या बेनिन आणि टोगोतून आलेल्या बायकांनी ती लागोसला आणली. चवळी अगदी पीठ होईपर्यंत शिजवून घोटलेली, अळणीच म्हणावी अशी, आणि तिच्यावर जवळजवळ काळा दिसणारा रस्सा. पामतेल रंग जाईपर्यंत तापवायचं, त्यात कांदा करपायच्या बेताला आणायचा, मग वाळलेल्या मिरच्यांचा ठेचा घालून मंद आचेवर तासभर. करपलेलं आणि करपण्याच्या एक क्षण आधीचं यातली रेघ ज्या बाईला दिसते तिचीच अगोयिन खपते. बरोबर अगेगे पाव, जाड, मऊ, किंचित गोड. हा पाव लागोसमध्ये घरोघरी पोचवण्यात अमोस शॅकलफर्ड या रेल्वेच्या नोकरीसाठी आलेल्या जमैकन गृहस्थाचा मोठा वाटा आहे.

इबादानला गेलात तर ग्बेगिरी. साल काढलेली चवळी इतकी शिजवायची की दाणा उरत नाही. मग छोट्या केरसुणीसारख्या दिसणाऱ्या इजाबेने ती भांड्यातच घोटायची. पिवळं, सैलसर कालवण तयार होतं. ते अमालावर वाढतात, म्हणजे यामकंदाच्या पिठाच्या तपकिरी उकडीवर, आणि त्याच्या शेजारी एवेडू नावाचं पालेभाजीचं हिरवं, बुळबुळीत कालवण, मधे लाल मिरचीचा रस्सा. तीन रंग हळूहळू एकमेकांत मिसळत जातात आणि बोटांनी उचलून गिळायचं असतं, चावायचं नसतं.

पूर्वेला इग्बो मुलखात गेलो तेव्हा एनुगूच्या रस्त्यावर सकाळी गरम ओक्पा मिळालं. बांबारा भुईमुगाच्या पिठात पामतेल आणि मिरची घालून केळीच्या पानात वाफवलेलं, पिवळंधमक. त्याच प्रवासात एका घरी फिओफिओ वाढलं. ताटात बघतो तर अख्खी तूर. साल होती तशी, शिजून मऊ, पामतेलात माखलेली, आणि तिच्यात अळकुडीच्या जातीच्या कंदाचे वाळवून ठेवलेले तुकडे. तुरीचं मूळ भारतात. डाळ न करता, वरण न करता तूर अशी पोटभर जेवणाची होते, हे मला आमच्याकडच्या कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी दुसऱ्यांदा मागून घेतली. यजमानीणबाईंनी आमच्याकडे तिचं काय करतात ते विचारलं, मी वरणाचं वर्णन केलं. त्या सभ्य बाई होत्या, पण मिरचीशिवाय आणि तेलाशिवाय पिवळं पाणी भातावर का घालायचं, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

हे सगळं गरिबांचं अन्न आहे, असं आता म्हणवत नाही. 2023 च्या मे महिन्यात इंधनाचं अनुदान गेलं, जूनमध्ये नायराचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, दर मोकळा सोडला आणि तो कोसळला. उत्तरेत बोर्नोच्या बाजूला बोको हरामच्या हिंसेमुळे कित्येक शेतं आधीच पडीक होती. 2024 मध्ये चवळीचे दर एका वर्षात दुपटीहून कितीतरी जास्त वाढले. ज्या घरांत मटण-मासळी परवडत नाही म्हणून चवळी असायची, तिथं तेव्हा चवळीच परवडेना. चवळीत चोवीस टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं. वाढत्या वयाच्या मुलांच्या ताटातून ती गेली तर तिची जागा गारी घेते. गारी म्हणजे कसाव्याचा रवा, पोट भरतो पण प्रथिन नावाला. बाजारात डेरिका मागणाऱ्या बायका तेव्हा दुधाच्या छोट्या डब्याचं माप मागताना दिसायच्या. यावर मला शांतपणे लिहिता येत नाही.

राहिल्या पालेभाज्या. त्यांच्याबद्दल खरं तर वेगळा लेख व्हावा, कारण पालेभाजीला इतका मान देणारे लोक मी फार थोडे पाहिलेत. पूर्वेकडे कडू पानांचा रस्सा करतात. ती पानं हातांनी कुस्करून, फेस जाईपर्यंत पाण्यावर पाणी बदलत धुवायची, तरी कडवटपणाचा धागा ठेवायचा. कालाबारच्या एफिक लोकांचं एडिकांग इकोंग म्हणजे उगू, एका भोपळ्याच्या कुळातल्या वेलाची गडद पानं, आणि वॉटरलीफ नावाची पाणीदार पालेभाजी. त्यात वरून पाणी घालायचंच नाही. उत्तरेत तर मला ओळखीचे चेहरे भेटले. शेवग्याची पानं, तिथं झोगाले, उकडून शेंगदाण्याच्या पेंडीबरोबर कालवलेली. अंबाडीच्या भाईबंदांपैकी याकुवा, आणि तिच्याच लाल फुलबोंडांचं झोबो नावाचं थंड पेय. आपल्याकडे क्वचित कुठं एखादं जुनं गोरखचिंचेचं झाड दिसतं; तिथं त्याच झाडाची पानं वाळवून, कुटून रोजच्या रश्शात पडतात.

पण माझी सगळ्यात लाडकी एफो रिरो. ती दोन पालेभाज्यांची होते: तेते म्हणजे आपला माठ, आणि शोको म्हणजे कुरडू. होय, पावसाच्या पहिल्या सरींनंतर ठाणे-पालघर-रायगडच्या बाजारात आदिवासी बायका घेऊन बसतात तीच कुरडू. लागोसमध्ये ती बारमाही लावतात. आजींनी गच्चीवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत लावलीये आणि कोवळी असतानाच खुडतात, तुरा येऊ देत नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात कुरडू मिळाली तर करून बघा. पानं आणि कोवळे देठ चिरा, उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढा, गार करा आणि दोन्ही हातांनी घट्ट पिळा. एवढंच एक काम मनापासून करायचं आहे. पिकलेल्या लाल ढोबळ्या मिरच्या, कांदा आणि झेपतील तेवढ्या तिखट मिरच्या जाडसर वाटून, पाणी आटेपर्यंत वेगळ्या शिजवा. पामतेल मिळणार नाही. शेंगदाण्याचं घ्या, उत्तर नायजेरियाचं तेलही तेच. तेल जरा जास्त लागतं, हात आखडू नका. उभा चिरलेला कांदा परता. आजी इथं इरू घालतात. एका मोठ्या झाडाच्या शेंगांमधल्या बिया रात्रभर शिजवून, साल काढून, आंबवून ती करतात. वास उग्र आणि चव खोल असते. तिला पर्याय नाही, नसेल तर जागा रिकामीच सोडा. मासळी खाणाऱ्यांनी भाजलेल्या सुकटीची पूड घालावी, न खाणाऱ्यांनी भाजलेल्या शेंगदाण्याचं थोडं कूट. मग मिरचीचं वाटण, ते तेल सोडेपर्यंत. मीठ. शेवटी पिळलेली भाजी, आणि ती घातल्यावर चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त आचेवर ठेवू नका. झाकण लावायचं नाही, वरून पाणीही घालायचं नाही. ताटात भाजीभोवती पाणी सुटलं तर आजी ती एफो मानत नाहीत.